पाणी कितीवर?

आमच्या सांगलीत जुलैच्या मध्यापर्यंत माणसं भेटली की ‘काय, कसं काय’ म्हणतात. त्यानंतर म्हणत नाहीत. त्यानंतर विचारतात, ‘पाणी कितीवर?’ विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही, कारण दोघांच्या मोबाइलवर तोच मेसेज दहा मिनिटांपूर्वी येऊन पडलेला असतो. तरीही विचारायचं.

‘बत्तीस.’

‘बत्तीस? मघाशी एकतीस होतं की!’

‘चढायलंय.’

यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. दोघं आभाळाकडे बघतात आणि आपापल्या वाटेने जातात.

हा आकडा आयर्विन पुलाचा. हा पूल १९२९ सालचा. आता त्याच्या अंगाखांद्यावरून किती ओझं जाऊ द्यायचं यावर वाद आहेत, पण पावसाळ्यात त्याचा अधिकार कुणी नाकारत नाही. पुलापाशी फुटांच्या खुणा आहेत. पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. माझ्या मुलीला गणितात चाळीस मिळाले तेव्हा तिच्या आजीच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडला तो ‘इशारा’ असा. आम्ही नदीकाठची माणसं, आमचं सगळं मोजमाप त्या खांबावर.

पावसाळ्यात गावात प्रत्येक जण जलतज्ज्ञ असतो. माझ्या दाढीचं काम करणारा गृहस्थ एरवी क्रिकेटवर बोलतो. पण कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की वस्तरा हवेत धरून तो मला धरणाचं अर्थशास्त्र समजावतो. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, वरून येणारं एवढं, सोडलेलं एवढं, वारणेचं एवढं, खाली अलमट्टीला एवढं. वस्तरा गळ्याशी असल्यामुळे मी सगळ्याला हो म्हणतो. आईला क्युसेक म्हणजे काय ते कळत नव्हतं. मी सांगितलं, सेकंदाला अठ्ठावीस लिटर. तिचा चेहरा कोराच राहिला. मग म्हटलं, सेकंदाला दोन घागरी ओतल्यासारखं समज. तेव्हापासून रेडिओवर पन्नास हजार क्युसेक असं ऐकलं की ती म्हणते, ‘लाख घागरी सोडल्यान्,’ आणि तांदळाचा डबा वरच्या फळीवर ठेवते.

तसं पाहिलं तर दोष कुणाचा काढायचा? कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्याच. लहानपणी वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या या दोघी कराडला प्रीतिसंगमावर अगदी समोरासमोर भेटतात. दोन बहिणी इतक्या दिवसांनी भेटल्यावर आवाज वाढणारच. तिथून त्या एकत्र आमच्याकडे येतात. सांगली ओलांडली की लगेच हरिपूरला, संगमेश्वराच्या पायाशी, वारणा मिळते. वारणाही भरून आलेली असली तर ती कृष्णेला पुढे सरकू देत नाही. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा वाट अडवून उभी असते. असं सगळीकडून अडलं की पाणी मागे फुगतं. या फुगीला आमच्याकडे फार मान आहे. ‘वारणेची फूग आहे’ असं कुणी म्हटलं की म्हातारी माणसं मान डोलावतात आणि तरुण माणसं गाड्या उंचावर नेऊन लावतात.

बाहेरगावच्या माणसांना वाटतं, पूर म्हणजे नदी फेसाळत, गर्जना करत पुढच्या दारातून घरात शिरते. आमच्या गावभागात असं कधी होत नाही. पूर आमच्याकडे चोरपावलांनी, मागच्या बाजूने येतो. आधी नाला उलटा वाहायला लागतो. मग गल्लीतल्या गटारीच्या झाकणाखाली कुणीतरी गुळण्या करत असल्यासारखा आवाज येतो. मग संडासाच्या भांड्यात पाणी वर चढतं. एवढी मोठी पुण्यपावन नदी, पुराणात नाव असलेली, पण आमच्या घरात तिचा प्रवेश हा असा. रस्ता अजून कोरडा असतो, पोरं सायकली फिरवत असतात, आणि घरातला कुणीतरी मोरीच्या दारात उभा राहून हळू आवाजात म्हणतो, ‘आलं गं.’

त्या वेळी फूट कुणी विचारत नाही. फूट गावासाठी. घरासाठी पायऱ्या. आमच्या घराला रस्त्यापासून पाच पायऱ्या आहेत आणि आमचा सगळा पूर-इतिहास या पाच पायऱ्यांत मावतो. मावत होता.

२००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. आमच्या चार पायऱ्या बुडाल्या, पाचवी भिजली, आणि उंबऱ्याच्या चार बोटं खाली येऊन पाणी थांबलं. एक रात्रभर ते तिथेच होतं. माझे वडील त्या रात्री खुर्ची टाकून उंबऱ्यात बसले होते, बाहेरचा पाहुणा आत येतो म्हणाला तर त्याच्याशी दोन शब्द बोलावेत अशा तयारीने. सकाळी पाणी बोटभर उतरलं. वडील उठले. खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांनी शोधून काढला आणि भिंतीवर, पाणी होतं तिथे, एक रेघ मारली. शेजारी ‘२००५’ लिहिलं. खाली सही करायचाही त्यांचा विचार होता, आईने हात धरला म्हणून राहिली.

ही रेघ पुढे आमच्या घराण्याची प्रतिष्ठा झाली. पाहुण्यांना चहाच्या आधी रेघ दाखवायची. वडिलांचा सिद्धांत असा, की आजोबांनी जोतं बांधतानाच नदीला विचारून बांधलं आहे. खालच्या गल्लीतल्या लोकांनी घाई केली, बिनविचाराने पाया घेतला, त्यांच्याकडे पाणी गेलं. आपल्याकडे रेघेच्या वर येत नाही. ‘येणार नाही’ असं ते म्हणत नसत, ‘येत नाही’ म्हणत. जसं आपण म्हणतो, आमच्यात लग्नात हुंडा घेत नाहीत. २०१४ साली वडील गेले. रेघ राहिली. पुरुषाच्या माघारी त्याचे कर्ज आणि त्याची मतं दोन्ही घरावर राहतात; वडिलांना कर्ज नव्हतं.

म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये गल्लीत जेव्हा रिक्षा फिरू लागली, तेव्हा आमच्या घरात शांतता होती. रिक्षावरचा कर्णा पावसात असा काही घुसमटत होता, की ‘नागरिकांनी’ आणि ‘त्वरित’ एवढे दोनच शब्द स्पष्ट यायचे. मधल्या शब्दांत काय करायचं ते असावं. शेजारचे काका छत्री घेऊन रिक्षाच्या मागे धावत गेले आणि येऊन म्हणाले, ‘सुरक्षित स्थळी जा म्हणतायत.’ आईने भिंतीकडे बोट केलं. ‘हे काय, सुरक्षितच आहे की.’

तो श्रावणातला पहिला सोमवार आणि नागपंचमी एकाच दिवशी, ५ ऑगस्टला. टीव्हीवर दिवसभर दिल्ली आणि काश्मीर. आमच्या गावाची बातमी खालच्या पट्टीत पळत होती, आणि ती वाचायला चष्मा शोधेपर्यंत निघून जात होती. नागपंचमीला आमच्यात चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत. आईचा हट्ट, पुरणाची दिंडं झालीच पाहिजेत. एका बाजूला पाणी तिसऱ्या पायरीला आणि दुसऱ्या बाजूला दिंडं वाफेला. पुराच्या पाण्यात साप असतात हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. आमच्या जिल्ह्यातली बत्तीस शिराळ्याची नागपंचमी देशभर प्रसिद्ध आहे, पण नागोबाने स्वतः पत्ता शोधत घरी यावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती. मुलगी पाटावर पाय वर घेऊन जेवली.

जेवण झाल्यावर बायको म्हणाली, ‘रेघ राहू दे रेघेपाशी. सामान उचलायचं.’

सामान उचलणं हा शब्द नदीकाठी वेगळ्या अर्थाने वापरतात. नेणं नव्हे, उचलणं. जे आहे ते आपल्या जागेवरून तीन-चार फूट वर न्यायचं. गादी खाटेवर, खाटेवर टेबल, टेबलावर फ्रिज, फ्रिजवर मिक्सर, मिक्सरवर देवघरातली समई. घर असं उभं रचलं की ते कुणाचं घर वाटत नाही, भांड्यांच्या दुकानातला कोपरा वाटतो. आणि मग माळा. आमच्या माळ्यावर जागा किती, माणसं चार, आणि प्रत्येकाच्या मते जगात वाचवण्यासारखं काय आहे ते वेगळं.

आईने सर्वांत आधी हळदीचा डबा वर दिला. हे सांगलीचं माणूस. हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, त्यांत वर्षानुवर्षं हळद साठवत. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं खचली. तेव्हापासून आई हळदीला जमिनीवर ठेवत नाही. हळदीपाठोपाठ लोणच्याची बरणी, मग देव, मग मागच्या दारची तुळस. तुळशीची कुंडी मी शिडीवरून वर नेत असताना तिची माती माझ्या कॉलरमध्ये पडत होती आणि खालून आई म्हणत होती, ‘जपून, तिला लागेल.’

बायकोने मसाले, सासरहून आलेला तांब्याचा बंब (सासर म्हणजे हेच घर, पण बंब तिच्या ताब्यात आहे), दोन चांगल्या साड्या आणि दहा वाईट साड्या वर दिल्या. ‘वाईट कशाला?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘नंतर पुसायला.’ आमच्या घरात पुराचा शेवट कुणी पाहिला असेल तर तो तिने. बाकी आम्ही सगळे सुरुवातीत अडकलो होतो.

मी काय वाचवलं ते सांगताना आजही संकोच वाटतो. मी प्राप्तिकराच्या फायली वाचवल्या. १९९८ पासूनच्या, सगळ्या, वर्षांप्रमाणे. एवढा अंगावर येणारा पाऊस, गल्लीत गुडघाभर पाणी, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक साहेब उभा होता जो विचारणार होता, ‘२००३ ची पावती?’ फायली माळ्यावर अगदी मधोमध, कोरड्या जागी बसवल्या. घराचा सातबारा, रेशनकार्ड, आईचं पेन्शनचं पुस्तक, विम्याचे कागद हे मात्र लोखंडी कपाटात खालच्या खणात राहिले. कारण ते सुरक्षित होतं. त्याला कुलूप होतं. किल्ली माझ्या जानव्याला.

वडिलांची पेटी होती. कुणी ती वाजवत नव्हतं. वडीलही क्वचितच, नाटकातली पदं, तीसुद्धा पहिलीच ओळ. गावाला नाटकाचं वेड जुनं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर याच गावात केलं, त्यानंतर प्रत्येक घरात निदान एक पेटी आणि एक अपुरा गायक असतोच. पेटीचं काय करायचं यावर चर्चाच झाली नाही. माळा भरला होता. मी म्हटलं, टेबलावर राहू दे, एवढं वर कुठलं येतंय.

मंगळवारी, ६ तारखेला दुपारी पाणी उंबऱ्याला लागलं. म्हणजे रेघेच्या वर. आम्ही चौघं रेघेकडे बघत उभे राहिलो. हिरवी रेघ पाण्याखाली गेली होती, पण अजून दिसत होती, थोडी हलत होती. कुणी काही बोललं नाही. वडील घरात असते तर त्यांची समजूत कशी काढायची हा प्रश्न मला पडला.

आईने खणा-नारळाची ओटी भरून आणली. कृष्णामाई दाराशी आली की तिची ओटी भरायची असते. पाण्यात हळदकुंकू वाहून, नारळ सोडून आई म्हणाली, ‘आलीस, बरं वाटलं. आता जा बाई सासरी.’ अगदी मोकळेपणाने, एखादी माहेरवाशीण जरा जास्त राहिली की बोलतात तसं. नारळ दोन हात पुढे गेला, गिरकी घेतली आणि परत येऊन पायरीला लागला. माहेरवाशीण राहायची म्हणत होती.

गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर आला होता. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीतला, कंबरभर पाण्यात उभा राहून तो ओरडत होता, ‘चला ओ आज्जी, पुन्हा फेरी होणार नाही.’ आई आत गेली. आली नाही. मी बघायला गेलो तर केरसुणीने स्वयंपाकघर झाडत होती. पाणी मागच्या दाराने आत येत होतं, आणि ती केर भरत होती. ‘परत आल्यावर घर असं दिसायला नको,’ म्हणाली. तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता; मी सुपली धरली.

मग कुलूप. नदीला कुलूप लावून बाहेर पडणारं आमचं एकच घर नव्हतं. गल्लीत सगळ्यांनी आपापल्या दारांना कुलपं लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. शेजारच्या काकांनी दुधाची पिशवी नको म्हणून दाराला चिठ्ठीही अडकवली. ट्रॅक्टरवर उभं राहून आम्ही आपापल्या घरांकडे पाहत होतो. बायकोच्या हातात पिशवी, पिशवीत भडंग, चार कांदे आणि राहिलेली दिंडं. मांजर आलं नाही. ते आधीच समोरच्या गच्चीवर जाऊन बसलं होतं आणि आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतं.

विश्रामबाग उंचावर आहे. तिथे माझी मावसबहीण राहते. दोन खोल्या, एक हॉल. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या सासरचे लोक आधीच येऊन बसलेले. एकूण माणसं अकरा. नदीने एक चांगलं केलं, जी नाती लग्नपत्रिकेपुरती उरली होती त्यांना एका सतरंजीवर आणलं. पहिला दिवस लग्नघरासारखा गेला. दुसऱ्या दिवशी बाथरूमची रांग लागली. तिसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या सासूबाईंनी आईला विचारलं, ‘तुम्ही चहात वेलदोडा घालत नाही वाटतं?’ तेव्हा मला कळलं, की पाणी आता लवकर उतरायला पाहिजे.

सगळीकडे पाणी आणि प्यायला नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली वेगळी आणि बादली घेऊन टँकरच्या मागे उभं राहणं वेगळं. दूध येईना, कारण कोल्हापूरकडचा महामार्ग पाण्याखाली. पेट्रोल मिळेना. आणि टीव्हीवर आमचं गाव. आमच्याच मारुती चौकात लष्कराची बोट फिरताना आम्ही विश्रामबागेत बसून पाहत होतो. तीन किलोमीटरवरचं घर पाहायला मुंबईच्या स्टुडिओवरून जावं लागत होतं. आई पडद्याजवळ जाऊन बसे. ‘ती बघ, ती आपल्या गल्लीच्या तोंडची डीपी. नाही का? आहे.’ बातमीदार मुलगी कंबरभर पाण्यात उभी राहून सांगत होती, की पाणी सतत वाढत आहे. आई म्हणाली, ‘तिला आधी वर घ्या कुणीतरी.’

‘पाणी कितीवर?’ मला दिवसातून वीस वेळा विचारलं जाई. मी आईला एक फूट कमी सांगायचो. छप्पन्न असलं की पंचावन्न. ती गप्प बसायची. पुढे कळलं, की शेजारच्या काकांना फोन करून ती खरा आकडा घेत होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून माझा मानत होती. शेवटी आकडा ५७ फुटांच्या वर जाऊन थांबला. मी मनातल्या मनात हिरव्या रेघेपासून मोजलं. ओटा बुडाला. टेबल बुडालं. पुढे मोजलं नाही.

त्याच दिवसांत, ८ तारखेला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. त्या संध्याकाळी हॉलमध्ये अकरा माणसं होती आणि कुणी टीव्ही लावला नाही. वेलदोड्याचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आमच्यावर आलं ते सामानावर आलं. सामानाचं हसू करता येतं, म्हणून मी करतो आहे.

मदत खूप आली. गावोगावच्या बायकांनी भाकरी थापून टेम्पो भरून पाठवल्या. त्या भाकरीची चव सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि सांगू नयेच. कपडेही आले, डोंगर. आमच्या वाट्याला एक लोकरीची टोपी, एक कोट आणि लग्नातली शेरवानी आली. शेरवानी चांगली होती. पुढे गाळ काढताना शेजारच्या काकांनी ती घातली, कारण त्यांच्याकडे दुसरं कोरडं काही उरलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं. नदीने त्याला हातसुद्धा लावला नव्हता. दार मात्र फुगून बसलं होतं, ते दोघांनी खांदा लावून उघडलं.

वास सांगत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. गाळ घोट्यापर्यंत, काळा, तेलकट, गुळगुळीत. फ्रिज टेबलावरून उतरून हॉलमध्ये आला होता आणि सोफ्यावर आडवा झोपला होता, कामावरून दमून आल्यासारखा. गॅसचा सिलिंडर अर्धा रिकामा असला की तरंगतो हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. तो देवघरात जाऊन बसला होता, देव नसलेल्या चौथऱ्यावर. आईने सवयीने हात जोडले आणि मग लक्षात आल्यावर हात पदराला पुसले.

लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात सातबारा, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक आणि विमा यांचा एकच लाडू झाला होता. माळ्यावर १९९८ पासूनच्या प्राप्तिकराच्या फायली होत्या. कोरड्या. कडकडीत. मी त्या उन्हात ठेवल्या नाहीत, त्यांना गरजच नव्हती. गावात इतरांचं याहून बरंच गेलं होतं. जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यातलं एखादं वाचवता आलं असतं तर मी माझी २००३ ची पावती आनंदाने बुडवली असती.

आणि पेटी. टेबलावर नव्हती. मला वाटलं वाहून गेली. तेवढ्यात मुलगी शिडीवर चढली, फायलींच्या मागे हात घातला आणि ती बाहेर ओढली. तिने निघायच्या आधी माझी २००९ ते २०१२ ची चार वर्षं काढून कपाटावर ठेवली होती आणि त्या जागेत पेटी सरकवली होती. ती चार वर्षं गेली. आजवर कुणी विचारली नाहीत. पेटीचे दोन स्वर दमट हवेने धरले आहेत, ते सोडून बाकी वाजते.

पुढचे चार दिवस त्या दहा वाईट साड्यांनी घर पुसलं.

भिंत धुताना हिरवी रेघ निघाली. तिच्या वर जवळजवळ चार फुटांवर नव्या पाण्याची तपकिरी रेघ होती, ती रंगवायची गरज नव्हती, आपली आपणच उमटली होती. मी ‘२०१९’ लिहायला ब्रश घेतला. आई म्हणाली, ‘त्यांच्या रेघेला धक्का लावू नको.’ मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्यांचं चुकलं नव्हतं. त्या वेळचं पाणी तेवढंच होतं.’

२०२१ च्या जुलैत पुन्हा रिक्षा आली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. फार शहाणे. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, आणि आमच्या घरात बायकोने केलेली यादी. पोत्यांना नंबर, नंबराला वही. इशारा पातळी यायच्या आत आमचं घर रिकामं. पंखेसुद्धा उतरवले. गॅसची शेगडी, दिव्यांचे बल्ब, दाराच्या कड्या. मी कागदपत्रं प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून पोटाशी बांधली होती, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याने मला आधी हात दिला. वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पाणी दत्ताच्या देवळात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, की त्यात स्नान करायला लोक लांबून जातात. आमच्याकडे ती बातमी आली की गाद्या गुंडाळतात. त्या वर्षी गाद्या बातमीच्याही आधी गुंडाळल्या.

पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. म्हणजे आमच्याकडे उंबरा ओलांडून घोट्याच्या जरा वर. दीड दिवस राहिलं आणि गेलं. रिकाम्या घरात त्याला करण्यासारखं काही नव्हतं. परत आल्यावर आई खोल्याखोल्यांतून फिरली. ‘एवढ्यासाठी बल्ब काढलेत?’ म्हणाली. बल्ब कुठल्या पोत्यात आहेत ते वहीत लिहायचं राहिलं होतं. तीन रात्री आम्ही मेणबत्तीवर काढल्या. वीज आलेली होती.

आता भिंतीवर तीन रेघा आहेत. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने विचारलं, हे घासून टाकू का. आईने त्याला चहा दिला आणि खुर्ची टाकून समोर बसून राहिली, रंग पूर्ण होईपर्यंत.

मुलगी पुण्यात असते. जुलै लागला की तिचा फोन सकाळ-संध्याकाळ. ‘कसे आहात’ वगैरे काही नाही. ‘बाबा, पाणी कितीवर?’ मी एक फूट कमी सांगतो. आई आतून ओरडून खरा आकडा सांगते.